शहाद्यात हॉस्टेलवर मित्रांसोबत बघायला चेटकिणींच्या निवासी शाळेवरचा संथ भयपट सुचवाल का?

'सस्पिरिया' बघा, पण २०१८ चा, लुका ग्वादान्यिनोचा. दारिओ आर्जेन्तोचा १९७७ चा मूळ सिनेमा मला फार आवडतो. ते भडक लाल-निळे रंग, गॉब्लिन या बँडचं अंगावर येणारं संगीत! पण तो संथ नाही. सुरुवातीलाच खून पडतो.

नवा अडीच तासांचा आहे आणि घाई करत नाही. १९७७ चं बर्लिन, शहर दुभंगणाऱ्या बर्लिन भिंतीला लागून नृत्यसंस्था, मुली तिथेच राहतात. शिकवणाऱ्या बायाच चेटकिणी आहेत हे लवकर कळतं, तरी भीती कमी होत नाही, कारण त्या स्वयंपाकघरात बसून हसतखिदळत, मतदान घेऊन कारभार चालवतात. एका खोलीत सूझी ही नवी आलेली मुलगी नाचते आणि दुसऱ्या खोलीत... तो प्रसंग सांगत नाही. टॉम यॉर्कचं संगीत हळूहळू पोखरत जातं, म्हणून मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात बघू नका. रक्त बघवत नसेल त्याला शेवटच्या भागात जड जाईल.

आणखी एक. सोबत धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं असतील तर आधी त्यांच्याशी बोला. आपल्या सातपुड्यात 'डाकीण' ठरवून बायांना खरोखर मारहाण झाली आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी केल्याचा ठपका ठेवून छळणं हा गुन्हा आहे. कुणाच्या घरातली आजी-मावशी त्यातून गेलेली असू शकते. तसं असेल तर त्या रात्री दुसरा सिनेमा लावा.