रोग घेतलास ना, मग पथ्यही पाळ

ऐरोलीच्या मित्रा, तुझा प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या पात्रांच्या खेळाची पाचवी आवृत्ती, तिसऱ्या लेव्हलचा रोग (इंग्रजी rogue, चपळ चोरटं पात्र), डेक्स्टेरिटी (चपळाई) १६, कॉन्स्टिट्यूशन (दणकटपणा) १०, अंगात साधं लेदर, दोन्ही हातांत शॉर्टसोर्ड. तीन रविवारांत दोन पात्रं गमावलीस, दुसरं ओगर नावाच्या दांडग्या राक्षसाच्या सोट्याने. आता चेन शर्ट चढवू का, की सरळ फायटर (लढवय्या) घेऊ, असं विचारतोयस. वयाने लहान असशील असं धरून अरे-तुरे करतो.

(रोग या नावावरचे विनोद आमच्या टेबलवर सगळे करून झालेत. 'मला रोग आहे' हे वाक्य लोकलमध्ये फोनवर मोठ्याने बोलू नकोस, शेजारचा उठून जातो.)

आधी चेन शर्टचा विषय संपवतो. चेन शर्टचा आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १३, त्यात डेक्स्टेरिटीचे जास्तीत जास्त २ मिळतात. झाले १५. स्टडेड लेदरचे १२ आणि तुझ्या डेक्स्टेरिटी १६ चा पूर्ण बोनस ३, तेही १५च. शिवाय चेन शर्ट ५० सोन्याच्या नाण्यांना, स्टडेड लेदर ४५ ला. वर रोगला मध्यम चिलखताची सवय नसते. सवय नसलेलं चिलखत घातलंस की डेक्स्टेरिटीच्या प्रत्येक हल्ल्यावर डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान तो धरायचा), आणि डिसअॅडव्हान्टेज असताना स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा संधी साधून केलेला जादा मार, मिळतच नाही. म्हणजे ५ नाणी जास्त मोजून स्वतःचे दात पाडून घ्यायचे. स्टडेड लेदर घे आणि हा विषय सोड.

खरं दुखणं दुसरीकडे आहे. तू लिहिलंयस, 'दर टर्नला दोन्ही तलवारी मारतो, तरी फायटरइतका टिकत नाही.' दुसऱ्या तलवारीचा वार बोनस अॅक्शनमधून, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीतून, जातो. आणि दुसऱ्या लेव्हलला रोगला जी कनिंग अॅक्शन मिळते, म्हणजे डॅश (जास्त धावणं), डिसएंगेज (फुकटचा वार न खाता सटकणं) किंवा हाइड (लपणं), तीही बोनस अॅक्शनमधूनच. टर्नमध्ये बोनस अॅक्शन एकच. ती तू दर वेळी तलवारीवर उडवतोस आणि ओगरच्या पुढ्यात उभा राहतोस.

आता हिशोब बघ. ओगरचा आर्मर क्लास ११, तुझा हल्ला +५ (वीस बाजूंच्या फाशात ५ मिळवायचे), म्हणजे चारातले तीन वार लागतात. पहिला वार लागला की सरासरी साडेतेरा: तलवारीचा सहा बाजूंचा एक फासा, ३ बोनस, वर स्नीक अटॅकचे दोन फासे. स्नीक अटॅक टर्नला एकदाच. त्यामुळे दुसऱ्या वारात राहतो नुसता एक फासा, डेक्स्टेरिटीचे ३ सुद्धा नाहीत. न लागण्याची शक्यता धरली तर त्याची किंमत अडीचच्या आसपास. त्या अडीचसाठी तू काय देतोस? ओगर तुझ्या लेदरच्या १४ वर शंभरातले ६५ वेळा मारतो, सरासरी १३. म्हणजे साडेआठ. अडीच कमवायला साडेआठ देणारा माणूस धंदा कसा करणार!

चिलखताने यात फार फरक पडत नाही. १५ झाले तर ६० टक्के. ढालवाल्या फायटरचे १८, त्यालाही ४५ टक्के बसतोच, फक्त त्याच्याकडे रक्त जास्त असतं. तू ओगरच्या पोचेबाहेर टर्न संपवलास तर सोटा बसायची शक्यता शून्य. रोगचं चिलखत म्हणजे टर्न संपताना तो ज्या चौकोनात उभा असतो तो चौकोन.

आमच्याकडे नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये चार्ट पेपरवर खेळ होतो. कॅरमच्या सोंगट्या इंचाच्या चौकोनात मावत नाहीत म्हणून सव्वा इंचाचे चौकोन आखलेत, एक चौकोन ५ फुटांचा. ओगर म्हणजे लोणच्याच्या बरणीचं झाकण, कारण तो दोन बाय दोन चौकोन अडवतो. फायटर लाल राणी, ती झाकणाला चिकटून. माझी पांढरी सोंगटी राणीच्या मागे १० फुटांवर. टर्न आली की बाजूने १० फूट पुढे, झाकणाला लागून वार. राणी ओगरच्या ५ फुटांत आहे, म्हणून स्नीक अटॅक आपोआप मिळतो, लपायची गरज नाही. मग बोनस अॅक्शनने डिसएंगेज, आणि उरलेल्या २० फुटांत माघारी. ओगर ४० फूट चालतो, तो येऊ शकतो मागे. पण राणीला सोडून निघाला की तिचा फुकटचा वार खाणार. आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा (घोडबंदरच्या ट्रॅफिकमुळे रोज पाऊण तास उशिरा) दोनदा असा मागे आला, तिसऱ्यांदा नाही. मग त्याने भाला फेकायला सुरुवात केली, हे मात्र लक्षात ठेव. ओगरकडे भाले असतात.

बोळ अरुंद असेल तर राणीच्या चौकोनातूनच जा. मित्राच्या चौकोनातून जाता येतं, फक्त तो चौकोन दुप्पट मोजायचा आणि तिथे थांबायचं नाही. शाळेत खो-खो खेळला असशील तर हे शिकवावं लागणार नाही: बसलेल्यांच्या मधून साखळी काढत पळायचं, पाठलाग करणाऱ्याला मधून येता येत नाही. गनिमी काव्याचं नाव घेऊन सगळे रोग घेतात आणि पहिल्याच राउंडला मोकळ्या मैदानात भिडतात. त्यापेक्षा खो-खो आठवलेला बरा.

मग दुसरी तलवार टाकून द्यायची का? मुळीच नाही. पहिला वार हुकला तरच ती काढायची, कारण तेव्हा तिच्या मागे अख्खा स्नीक अटॅक उभा असतो. पहिला लागला की गपचूप निघायचं. एवढा एक नियम पाळलास तर निम्मं दुखणं जाईल.

राणीच आडवी झाली तर शॉर्टबो. ८० फुटांपर्यंत बिनधोक. खांबाआड हाइड, पुढच्या टर्नला बाण, पुन्हा खांबाआड. लपून मारलेल्या बाणाला अॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा धरायचा) मिळतो, म्हणून शेजारी कोणी नसलं तरी स्नीक अटॅक लागतो. ओगर फार लक्ष देऊन बघत नाही, त्याची पॅसिव्ह पर्सेप्शन (मुद्दाम न शोधता लक्षात येण्याचा आकडा) ८ आहे.

तुमच्या टेबलवर २०२४ चं पुस्तक असेल तर आधी डीएमला विचार. त्यात डॅगरला निक नावाची मास्टरी (शस्त्राची खास करामत) आहे, तिने दुसरा वार बोनस अॅक्शन न खाता होतो. मग एका हातात शॉर्टसोर्ड, दुसऱ्यात डॅगर आणि डिसएंगेजही. माझा वरचा हिशोब २०१४ च्या नियमांचा आहे.

फायटर घ्यायचा तर खुशाल घे, पण टेबलवर आधीच एक आहे म्हणालास. दोन राण्या आणि कुलूप उघडायला कोणी नाही, अशी पार्टी आम्ही एकदा चालवलीय. सहा आठवडे एका दारापुढे कुऱ्हाडी घासत बसलो होतो.

नवं पात्र बनवताना कॉन्स्टिट्यूशन १४ कर, करिश्म्यातून काप हवं तर. १० वर तिसऱ्या लेव्हलला तुझे हिट पॉइंट (किती मार सोसशील तो आकडा) १८, आणि ओगरचा सोटा जोरात बसला तर २० घेतो. १४ वर होतात २४.