वाचकांचे प्रश्न: फ्रेंच ऑपेरात 'ब्रह्मा' म्हणणारी ही बाई कोण?

प्रश्न: परवा रात्री जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकत पडलो होतो, एका फ्रेंच ऑपेरात मधेच 'ब्रह्मा' ऐकू आलं. मागे घेऊन दोनदा ऐकलं, ब्रह्माच! गाणारीचं नाव मॅटिविल्डा डॉब्स. ही कोण?

उत्तर: कान एकदम शाबूत आहेत तुमचे. तुम्ही ऐकलंत ते फ्रेंच संगीतकार बिझेचं 'द पर्ल फिशर्स', 1863 सालचं. गोष्ट घडते सिलोनच्या किनाऱ्यावर. मोती काढणारे कोळी समुद्रात असेपर्यंत कड्यावर उभं राहून, तोंडावरून पदर घेऊन एका पुजारणीने ब्रह्माची प्रार्थना म्हणत राहायचं असा तिथला रिवाज दाखवलाय. पुजारणीचं नाव मात्र लैला! हे कसं काय ते बिझे आणि त्याचे लेखकच जाणोत, संगीत इतकं गोड आहे की आपण काही बोलत नाही.

आता गाणारी. मॅटिविल्डा डॉब्सचा जन्म 11 जुलै 1925चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरातला. सहा बहिणी, मॅटिविल्डा हे आजीचं नाव. वडील जॉन वेस्ली डॉब्स रेल्वेच्या टपाल खात्यात होते आणि शहरातल्या कृष्णवर्णीय समाजाचे मोठे पुढारी, मतदार नोंदणीसाठी जन्मभर धडपडले. सहाच्या सहा मुलींना त्यांनी तिथल्याच स्पेलमन कॉलेजातून ग्रॅज्युएट केलं, आणि पियानोही शिकवला.

मॅटिविल्डा 1946ला ग्रॅज्युएट झाली, न्यूयॉर्कला लोटे लिओनार्ड यांच्याकडे गाणं शिकली आणि जोडीला कोलंबिया विद्यापीठात स्पॅनिशचं एम.ए. केलं, म्हणजे गाण्यात नाही जमलं तर शिकवता येईल अशी सोय असावी असं मला आपलं वाटतं. मग फेलोशिप मिळाली, पॅरिसला गायक पिएर बर्नाक यांच्याकडे शिकायला गेली आणि 1951ला जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय संगीत स्पर्धा जिंकली. तिथून जी सुटली ती सुटलीच, 1952ला हॉलंड फेस्टिव्हलमध्ये स्ट्राविन्स्कीची 'नाइटिंगेल', 1953ला मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात रॉसिनीच्या 'इटालियन गर्ल इन अल्जीयर्स'मधली एल्विरा, त्याच वर्षी इंग्लंडात ग्लाइंडबर्नला रिचर्ड स्ट्रॉसच्या 'अरियाडने'मधली झेर्बिनेटा, पुढच्या वर्षी लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृह. ला स्कालात मुख्य भूमिका गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार, तेव्हा वय 27.

तिचा आवाज कोलोरातुरा सोप्रानो, म्हणजे सोप्रानोतली (बायकांच्या उंच आवाजातली) सगळ्यात वर जाणारी, चपळ, दाणेदार तानांची जात. झेर्बिनेटाचं एकटीचं गाणं दहाबारा मिनिटं चालतं आणि त्यात लपायला जागाच नाही, एक सूर घसरला की शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं.

प्रश्न: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिली कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन ना? मग डॉब्सलाही 'पहिली' का म्हणतात?

उत्तर: दोन्ही बरोबर, पण या 'पहिली'च्या मोजणीत खरी गंमत निसटते. अँडरसन जानेवारी 1955ला 'बॅलो इन मास्केरा' या ऑपेरात उल्रिकाची भूमिका गायल्या. तेव्हा त्यांची साठी जवळ आलेली, म्हणजे इतक्या मोठ्या आवाजाला मेटने, म्हणजे मेट्रोपॉलिटनने, उमेदीची सगळी वर्षं दाराबाहेर ठेवलं. त्याच महिन्यात रॉबर्ट मॅकफेरिन 'आयडा'त आमोनास्रो म्हणून उभे राहिले. आता भूमिका बघा: उल्रिका ज्योतिषीण, आमोनास्रो इथिओपियाचा राजा. म्हणजे काळा माणूस स्टेजवर येतो आणि गोऱ्या प्रेक्षकाला 'हं, गोष्टीत बसतंय' असं वाटतं.

डॉब्स 9 नोव्हेंबर 1956ला आली ती गिल्डा म्हणून, 'रिगोलेट्टो'ची नायिका. मांटुआच्या दरबारी विदूषकाची लेक, ड्यूक तिच्या मागे लागलेला, ती त्याच्या प्रेमात. इथे वर्णाचं कुठलंच निमित्त नाही, आवाज गिल्डाचा आहे म्हणून गिल्डा, बस. मेटच्या स्टेजवर कृष्णवर्णीय बाई प्रेमकथेची नायिका झाली ती तेव्हा, आणि मला विचाराल तर 'पहिली दुसरी'पेक्षा ही गोष्ट मोठी आहे. करारही एका भूमिकेपुरता नव्हता, आठ सीझन ती तिथे गात होती.

आणि या रांगेत मागे किती जणी उभ्या आहेत! सिसिएरेटा जोन्स 1892ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे गायल्या, पण अख्ख्या ऑपेरात भूमिका त्यांना कधी कोणी दिली नाही, मैफलीत सुटी गाणी तेवढी. कॅटरिना जारबोरो 1933ला न्यूयॉर्कमध्ये आयडा झाल्या, कॅमिला विल्यम्स 1946ला न्यूयॉर्क सिटी ऑपेरात मॅडम बटरफ्लाय. 1961ला लिओन्टिन प्राइस मेटवर आल्या आणि टाळ्या थांबेचनात, त्या झगमगाटात डॉब्सचं नाव जरा मागे पडलं. प्राइसचा आवाज भरदार, व्हर्डीच्या मोठ्या नायिकांचा, डॉब्सचा नाजूक. लोकांना भरदार जास्त लक्षात राहतं.

प्रश्न: नवऱ्याच्या मृत्यूनंतर लगेच ती राणीपुढे गायली असं कुठेतरी वाचलं. खरं का?

उत्तर: खरं आहे. 1953ला तिने लुईस रॉद्रिगेझ या स्पॅनिश पत्रकाराशी लग्न केलं, आणि जून 1954मध्ये लिव्हरच्या आजाराने तो गेला. पुढच्या काही दिवसांतच कॉव्हेंट गार्डनला राणी एलिझाबेथ आणि स्वीडनचे राजे येणार होते. ती गायली. पुढे 1957ला बेंग्ट यान्सोन या स्वीडिश माणसाशी लग्न करून स्वीडनमध्ये घर केलं.

प्रश्न: सगळं युरोपातच? स्वतःच्या गावात गायली नाही का कधी?

उत्तर: गायली ना, पण स्वतःच्या अटीवर. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत नाट्यगृहात गोरे वेगळे, काळे वेगळे, बहुतेकदा काळ्यांना वरची बाल्कनी. म्हणजे मिलान, लंडन, न्यूयॉर्क गाजवून आलेली मुलगी अटलांटाच्या मोठ्या हॉलमध्ये गाणार आणि तिच्या घरचे लोक वेगळ्या कोपऱ्यात बसणार! तिने सरळ सांगितलं, जिथे प्रेक्षक असे वेगळे बसवतात तिथे मी गाणार नाही. अटलांटात मग ती चर्चमध्ये, कॉलेजांत गायची, शहराचा मोठा हॉल मात्र नाही. आरडाओरडा, पत्रकबाजी काही नाही, फक्त कार्यक्रम घ्यायचा नाही. कलाकाराला हे सोपं नसतं, नाकारलेला प्रत्येक कार्यक्रम म्हणजे बुडालेले पैसे आणि तुटलेला एक आयोजक.

शेवटी जानेवारी 1962ला म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये गोरे-काळे सगळे एकत्र बसले आणि ती गायली. नवे महापौर आयव्हन अॅलन यांनी तिला शहराची किल्ली दिली, मानाची. पण ज्या माणसाने हे सगळ्यात जास्त मागितलं होतं तो हॉलमध्ये नव्हता, वडील ऑगस्ट 1961च्या शेवटी वारले होते. अटलांटाच्या शाळांत काळी मुलं गोऱ्यांबरोबर बसायला लागली तोच तो आठवडा. पुढे तिच्या बहिणीचा मुलगा मेनार्ड जॅक्सन अटलांटाचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला, जानेवारी 1974च्या त्याच्या शपथविधीला मावशी गायली. नंतर तिने टेक्सास आणि हॉवर्ड विद्यापीठांत गाणं शिकवलं आणि डिसेंबर 2015ला अटलांटातच गेली, नव्वदीची होऊन.

प्रश्न: ऐकायला सुरुवात कशापासून करू? ऑपेरातलं मला ओ का ठो कळत नाही.

उत्तर: पहिल्या पत्रातलं 'पर्ल फिशर्स'च घ्या, कंडक्टर रने लाइबोविट्झ, 1950च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यांच्याचबरोबर मोझार्टचं 'झायडे'ही आहे. इंग्रजी हवं असेल तर मोझार्टचंच 'अॅबडक्शन फ्रॉम द सेराग्लिओ', यहुदी मेन्युहिन कंडक्टर. 'पर्ल फिशर्स'चं रेकॉर्डिंग जुनं आहे, आवाज थोडा डबीतून आल्यासारखा येईल, हेडफोन लावा. आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ब्रह्माची प्रार्थना सुरू झाली की शब्दांच्या मागे जाऊ नका, खाली कोरस चाललेला असतो आणि ती त्याच्यावरून नुसत्या 'आ'कारात फिरत असते, तेवढाच 'आ' पकडा.