एलसीडीवर अचानक जपानी अक्षरं दिसतात, त्यांचा फॉन्ट कुठे मिळेल?

या वेळी आलेल्या पत्रांमधली चार पत्रं वेगवेगळ्या गावांची आहेत पण मुद्दा फिरून एकच आहे, जपानी काना अक्षरं (उच्चारावर चालणारी जपानी लिपी), म्हणून सगळी एकत्रच घेतोय. कोणाला ती नको असताना दिसतायत, कोणाला हवीत आणि मिळत नाहीत.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपचं प्रोजेक्ट म्हणजे केळी पिकवायच्या चेंबरचं टेम्परेचर दाखवणारा डबा, अर्डुइनो आणि १६ बाय २ ची एलसीडी. इंग्रजी आणि आकडे एकदम नीट येतात. पण गावाचं नाव मराठीत दाखवावं म्हणून 'जळगाव' टाकलं तर स्क्रीनवर जपानीसारखं काहीतरी आलं, मधेमधे ग्रीक अल्फा, मधेच रिकामी जागा. एलसीडी डुप्लिकेट लागली का? — एक विद्यार्थी, भुसावळ

उत्तर : नाही रे, एलसीडी ठणठणीत आहे, ती तिला दिलेलं काम बरोबरच करतेय. तू 'जळगाव' टाईप केलंस तेव्हा कॉम्प्युटरने ते युटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवायची आजची पद्धत) साठवलं, म्हणजे देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाचे तीन-तीन बाईट. ज म्हणजे २२४, १६४, १५६. ळ म्हणजे २२४, १६४, १७९. ग साठी शेवटचा १५१, आपल्या काना (ा) साठी १९०, व साठी १८१, पहिले दोन सगळीकडे तेच. एलसीडीला युटीएफ-८ वगैरे काही माहीत नाही, तिच्यासाठी एक बाईट म्हणजे एक अक्षर, म्हणून ती पंधरा घरं भरते. २२४ ला तिच्याकडे अल्फा आहे, १६४ ला जपानी स्वल्पविराम, १५६ आणि १५१ ला काहीच नाही म्हणून रिकामं, १७९ ला काताकानातला (कानाचा एक प्रकार) उ, १९० ला से, १८१ ला ओ. तुझ्या स्क्रीनशी ताडून बघ, हेच असणार.

आता हे जपानी तिथे आलं कुठून. या एलसीडीच्या मागे जी चिप असते ती हिताची एचडी४४७८० किंवा तिच्याशी जुळणारी दुसरी कुठली तरी, आणि मूळ हिताची चिपच्या ज्या दोन रॉम (अक्षरांचे आकार कायमचे भरलेली मेमरी) सगळ्यात जास्त चालल्या त्यातली ए००, तीच आपल्याकडे बहुतेक दुकानांत मिळते, तिच्यात वरच्या अर्ध्या भागात (१२८ पासूनचे नंबर) काताकाना कायमची कोरलेली असते. दुसरी ए०२, तिच्यात तिथे युरोपातली अक्षरं आहेत. आणि तुमच्या डब्यावर टेम्परेचरच्या आकड्यापुढे जी डिग्रीची खूण येते, ती बघ तू कोडमध्ये २२३ लिहिलेली असेल. ते डिग्रीचं चिन्ह नाहीच, ते जपानी हांदाकुतेन आहे, ह ओळीतल्या अक्षराला लावलं की त्याचा प होतो. आकार गोल म्हणून सगळं जग ते डिग्री म्हणून वापरतं, वापरायला काहीच हरकत नाही.

'जळगाव' साठी मात्र सोपा मार्ग आहे. चिपमध्ये आपली स्वतःची आठ अक्षरं काढायला जागा असते, नंबर ० ते ७. तुला ज, ळ, ग, काना (ा) आणि व अशी पाचच लागतात. प्रत्येक घर ५ बाय ८ ठिपक्यांचं. शिरोरेघ दोन घरांच्या मधे तुटलेली दिसेल कारण काचेवरच घरांमधे फट असते, त्याला इलाज नाही, पण नाव वाचता येतं आणि परीक्षकांना दाखवायला ते भरपूर आहे.

प्रश्न : राम राम भाऊ. दुकानात बिलासाठी सेकंडहँड थर्मल प्रिंटर आणला, सॉफ्टवेअर जुनं डॉसचंच आहे. पहिल्या प्रिंटरवर बिलाभोवती छान चौकट यायची, आता चौकटीच्या जागी ओळीच्या ओळी परदेशी अक्षरं येतात. मुलाला विचारलं तर तो म्हणतो फॉन्ट बिघडला. माले काहीच समजनं नही. — एक दुकानदार, धुळे

उत्तर : अण्णा, फॉन्ट बिघडलेला नाही, प्रिंटर चुकीच्या टेबलवर (कुठल्या नंबरला कुठलं अक्षर, त्या यादीवर) बसलाय. जुन्या डॉसच्या सॉफ्टवेअरमधे आडवी रेघ म्हणजे १९६ नंबर आणि उभी रेघ म्हणजे १७९. वरचा डावा कोपरा २१८, उजवा १९१. हेच नंबर काताकानाच्या टेबलमधे बघितले तर १९६ म्हणजे तो, १७९ म्हणजे उ, २१८ म्हणजे रे आणि १९१ म्हणजे सो. म्हणजे तुमच्या बिलाच्या डोक्यावर सध्या 'रे तो तो तो तो सो' असं छापून येतंय आणि दोन्ही बाजूंनी खालपर्यंत उ उ उ.

एप्सनच्या पद्धतीने चालणाऱ्या पावतीच्या प्रिंटरला टेबल बदलायला तीन आकडे पाठवायचे असतात, २७, ११६ आणि टेबलचा नंबर. ० म्हणजे नेहमीचं चौकटीवालं, १ म्हणजे काताकाना. सॉफ्टवेअरच्या प्रिंटर सेटिंगमधे सुरुवातीचे कोड टाकायची जागा असते तिथे आधी २७ ६४ टाका, त्याने प्रिंटर मूळ स्थितीत येतो, मग २७ ११६ ०. हाच क्रम ठेवा, उलटा केला तर पहिला कोड दुसऱ्याने पुसला जातो. फीडचं बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की बहुतेक मशीन स्वतःची सेटिंग छापतात, त्यात आता कुठलं टेबल लागलंय ते दिसेल.

एक सांभाळा, शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिल्टी छापायला डॉट मॅट्रिक्स असतो त्याच्यावर हा कोड ट्राय करायला देऊ नका. तिथे २७ ११६ ० ने टेबल तिरक्या अक्षरांचं होतं आणि चौकटीसाठी १ लागतो, म्हणजे तुमच्या बरोबर उलट. त्याच्या मशीनवर जपानी येत असेल तर मागचे किंवा झाकणाखालचे डिप स्विच मॅन्युअलमधे बघून बदलायचे. आणि आकड्यांच्या आधी किंवा फाईलच्या पत्त्यात तिरक्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह येत असेल तर ती वेगळी सेटिंग, २७ ८२ ८ म्हणजे जपान, २७ ८२ ० म्हणजे अमेरिका.

प्रश्न : मला जुन्या कॉम्प्युटरचा नाद आहे. एका मायक्रोकंट्रोलरवर १९८० च्या काळातल्या जपानी मशीनसारखा टर्मिनल बनवतोय आणि एक जुना ९ पिनांचा प्रिंटर पण जोडायचाय ज्यात काना नाही. खऱ्या मशीनसारखा काना फॉन्ट शोधून थकलो, जे मिळतात ते आजचे मोठे गुळगुळीत फॉन्ट. अस्सल कुठे मिळेल? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

भाऊ, फॉन्ट शोधायच्या आधी टेबल हातात घ्या. सगळा घोटाळा तिथेच होतो. १९६९ मधे जपानने एक स्टँडर्ड काढलं, तेव्हा त्याचं नाव जेआयएस सी ६२२०, १९८७ पासून त्यालाच जेआयएस एक्स ०२०१ म्हणतात. त्यात खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी आणि १६१ ते २२३ या त्रेसष्ट जागांवर काताकाना आणि तिची विरामचिन्हं. १६६ ला वो, १६७ पासून छोटी अक्षरं, १७६ ला लांब स्वराची रेघ, १७७ ला आ आणि तिथून क्रमाने २२१ च्या न पर्यंत, मग २२२ ला दाकुतेन (क चा ग करणारी खूण) आणि २२३ ला हांदाकुतेन. १९७९ चा एनईसी पीसी-८००१ कॉम्प्युटर घ्या, नंतरचे जपानी एमएसएक्स कॉम्प्युटर घ्या, पावतीचा प्रिंटर घ्या नाहीतर वरच्या मुलाची एलसीडी, या त्रेसष्ट जागा सगळीकडे त्याच. एमएसएक्सने हिरागाना (कानाचा दुसरा प्रकार) पण दिली पण ती १६१ च्या अलीकडे आणि २२३ च्या पलीकडे उरलेल्या जागेत घातली, काताकानाला हात लावला नाही. इतकंच काय शिफ्ट-जेआयएस नावाचं कांजीचं (चीनकडून आलेली जपानी अक्षरं) कोडिंग आलं त्याने पण दोन बाईटच्या अक्षराचा पहिला बाईट ठरवताना ही पट्टी मुद्दाम मोकळी सोडली. अपवाद आहेत, कमोडोरच्या व्हिक-१००१ कॉम्प्युटरचे स्क्रीनचे कोड स्वतःचे वेगळे आहेत, तिथे हा क्रम धरून चालू नका.

आता आकार. त्या काळी कांजी रॉममधे बसवणं महाग होतं, १९७८ च्या कांजी स्टँडर्डमधे सहा हजारावर कांजी आहेत. काना मात्र एका छोट्या चिपमधे जायची. ८ बाय ८ चं एक अक्षर म्हणजे ८ बाईट, अशी २५६ अक्षरं म्हणजे २ केबी, खलास. म्हणून दाकुतेन वेगळ्या घरात ठेवलं, ग लिहायचा तर १८२ चा क आणि पुढच्या घरात २२२. तुम्ही आजच्या फॉन्टमधून काना उचलली तर तिथे क च्या पुढे जोडलेला ग बसलेला असतो, क्रम पूर्ण वेगळा, आणि मग टर्मिनलवर भलतंच येतं. युनिकोडमधून (सगळ्या लिपींची आजची एकच यादी) घ्यायचंच असेल तर अर्ध्या रुंदीची काताकाना घ्या, ती ६५३७७ पासून ६५४३९ पर्यंत जुन्याच क्रमाने आहे. नंबरातून ६५२१६ वजा केले की सरळ जुना कोड मिळतो.

कुठून घ्यायचा ते सांगतो. लिनक्स आणि एक्स विंडोच्या जुन्या बिटमॅप फॉन्टमधे ज्यांच्या नावाच्या शेवटी जेआयएसएक्स०२०१.१९७६-० असं असतं ते शोधा, तो हाच सेट आहे. शिनोनोमे नावाचे जपानी बिटमॅप फॉन्ट १२, १४ आणि १६ ठिपक्यांचे आहेत, पब्लिक डोमेन, बिनधास्त वापरा. अगदी लहान हवा तर मिसाकी, पण त्यातली अर्ध्या रुंदीची काना ४ बाय ८ मधे कोंबलेली आहे, ८ बाय ८ ला पूर्ण रुंदीची घेऊन क्रम स्वतः लावावा लागेल. जीएनयू युनिफॉन्टमधे ८ बाय १६ ची मिळते. हे बहुतेक बीडीएफ फाईलमधे येतात, ती साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमधे उघडा, प्रत्येक अक्षराचा नंबर आणि खाली बिटमॅपच्या ओळी वाचता येतात. आणि ५ बाय ८ चा अस्सल आकार बघायचा असेल तर हिताचीच्या एचडी४४७८० च्या डेटाशीटमधे ए०० चा अख्खा तक्ता ठिपक्यांसकट छापलेला आहे, माझ्या मते अभ्यासाला त्याहून चांगली जागा नाही. जुन्या मशीनच्या रॉमच्या फाईली नेटवर सापडतील पण त्या त्या त्या कंपनीच्या आहेत, तुम्ही तुमचं काम लोकांना वाटणार असाल तर त्या आत घालू नका.

फॉन्ट चांगला की वाईट हे दोन जोड्यांवर ओळखायचं, शि आणि त्सु, सो आणि न. शि मधे दोन छोट्या रेघा डाव्या बाजूला एकाखाली एक आणि मोठी रेघ खालून वर जाते, त्सु मधे त्या दोन रेघा वर शेजारी-शेजारी आणि मोठी रेघ वरून खाली. मोठ्या अक्षरात फरक सहज दिसतो, पाच ठिपक्यांच्या रुंदीत काढणाऱ्याचा कस लागतो. १८८ आणि १९४ शेजारी छापून बघा, ओळखू येत नसतील तर तो फॉन्ट बाजूला ठेवा.

प्रिंटरचं आता. एलसीडीचं आणि स्क्रीनचं अक्षर आडव्या ओळींनी साठवतात, ९ पिनांच्या प्रिंटरचं ग्राफिक उभ्या रांगांनी जातं, कारण डोकं आडवं सरकतं आणि पिना उभ्या असतात. वरची पिन १२८, मग ६४, ३२ असं खाली १ पर्यंत, नववी पिन यात लागत नाही. काताकानाचा आ मी ५ बाय ७ मधे असा काढतो, ओळींनी वरून खाली ३१, १, ५, ६, ४, ४, ८ आणि शेवटची ०. हाच आ उभ्या रांगांनी केला की १२८, १३०, १८८, १४४, २२४. एप्सनच्या पद्धतीच्या डॉट मॅट्रिक्सला २७, ७५, ६, ० आणि मग हे पाच आकडे, शेवटी फट म्हणून एक ०, एवढं पाठवा. ६ आणि ० म्हणजे पुढे सहा रांगा येतायत. कागदावर आ उमटला की बाकीच्या बासष्टांसाठी एक छोटा प्रोग्राम लिहून ओळींच्या रांगा करून घ्या, हाताने करत बसू नका. अक्षर आडवं पडलेलं आलं तर ओळींच्या रांगा करायच्या राहिल्यात, उलटं आलं तर वळवताना वरची-खालची बाजू बदललीय, फॉन्टमधे दोष शोधू नका.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या फ्लॉपीतल्या मराठी पत्रांच्या फाईली उघडल्या तर नुसती चित्रविचित्र चिन्हं आणि एका प्रिंटरवर तर जपानी आलं. त्या जपानी फॉन्टमधे लिहिल्या होत्या का? — एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही ताई, त्या मराठीच आहेत. आपल्याकडे पण इस्की नावाचं स्टँडर्ड झालं, १९९१ चं आयएस १३१९४, आणि त्याने पण देवनागरी वरच्याच अर्ध्यात १६१ ते २५० मधे ठेवली. इस्कीतला क म्हणजे १७९, तोच नंबर जपानी प्रिंटरला दिला की उ छापतो. बाईट शाबूत आहेत, वाचणारं मशीन वेगळं. अर्थात त्या काळातल्या सगळ्याच मराठी फाईली इस्कीत नसायच्या, काही फॉन्टच्या स्वतःच्या कोडमधे असायच्या. म्हणून आधी फ्लॉपीची कॉपी करा, मूळ फाईल उघडून सेव्ह अजिबात करू नका, आणि कोडिंग बदलणाऱ्या प्रोग्रामला ती ५७००२ म्हणून वाचायला सांगून युनिकोडमधे काढा, विंडोजमधे देवनागरी इस्कीचा तोच नंबर आहे. पहिल्या दोन ओळी नीट मराठी आल्या तर सगळ्या फाईली त्याच पद्धतीने करा, नाही आल्या तर पत्र कुठल्या सॉफ्टवेअरमधे लिहिलं होतं ते वडिलांना विचारून मला कळवा.