ज्ञान वाढलं की वृत्ती बदलते का? नववीच्या वर्गातून सांगतो

माध्यमिक शाळेतल्या मुलांना पर्यावरणाचं ज्ञान किती असतं आणि ते वाढलं की वृत्ती बदलते का, असं तुम्ही बीएडच्या प्रकल्पासाठी विचारलंय. बेळगावजवळच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. माझ्या मते ज्ञान असतं, पण प्रश्नावलीला ते सापडत नाही.

ओझोनचा थर, हरितगृह परिणाम, सगळं पाठ. दहावीला मार्क मिळतात ना! पण एकदा विचारलं, शहरातल्या नळाला पाणी कुठून येतं? "टाकीतून." आणि टाकीत? "पाइपातून." मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयापर्यंत पोचेपर्यंत तास संपला.

त्याच वर्गात येळ्ळूर गावाकडचा एक मुलगा, चाचणीत २० पैकी ७. तो म्हणाला, "सर, बळ्ळारी नाल्यात जलपर्णी माजली की पाणी तुंबतंय, शिवारात शिरतंय, आणि पावसाआधी कोरड्या रानात धूळवाफ पेरलेलं भात कुजतंय. गाळ काढल्याबिगर काय उपयोग नाही बघा." त्या नाल्यातून येणाऱ्या शहराच्या सांडपाण्यापासून बापाच्या नुकसानीपर्यंतची साखळी त्याने एका दमात सांगितली. हे पर्यावरणात येतं हे मात्र त्याच्या गावी नव्हतं. त्याच्या लेखी पर्यावरण म्हणजे ५ जूनला लावायचं रोप. (खड्डे दरवर्षी तेच असतात, ते जाऊ दे.)

वृत्तीचं म्हणाल तर प्रश्नावलीत 'झाडे तोडू नयेत' या विधानापुढे सगळे 'पूर्ण सहमत'. सर समोर उभे असताना असहमत कोण होणार? प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही हेही सगळ्यांना ठाऊक. तरी गल्लीच्या गणपतीची उंची सांगताना छाती फुगते, आणि कपिलेश्वर तलावावर विसर्जनाला हीच पोरं पुढे. त्यांना दोष देत नाही. मूर्ती ठरवताना त्यांना विचारतं कोण?

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यात पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करायला सांगितलं, त्यातून पुस्तकात धडे आले. वागणं बदललेलं मला दिसलं ते एकदाच. दुपारच्या जेवणाची ताटं धुतलेलं पाणी वाया जातं म्हणून आठवीच्या मुलींनी स्वतःच चर खणून ते केळीला सोडलं. आता कुणी नळ उघडा ठेवला तर त्याच ओरडतात.

म्हणून सहमत-असहमत विचारू नका. 'तुमच्या मोरीचं पाणी पुढे कुठे जातं?' हे विचारा आणि जमलं तर त्यांच्याबरोबर जाऊन बघा. केळीला घड आला तेव्हा तो कुणी न्यायचा यावरून आमच्याकडे भांडण झालं, तेही प्रकल्पात लिहायला हरकत नाही.