दुखणं कमरेचं की खुब्याचं?

*"रोवणीला वाकले की उजव्या जांघेत कळ निघते. मांडी घालून बसता येत नाही, रात्री कूस बदलता येत नाही. मी ३६ वर्षांची. अकरा वर्षं झाली. मणक्याचे एक्स-रे झाले, पट्टा झाला, मालिश झाली. एका वैदूच्या पुडीने बरं वाटतं, पण बंद केली की पुन्हा तेच. लहानपणीही माझे हातपाय ठणकायचे. सासूबाई म्हणतात, कामाच्या दिवसातच हिचं बरं दुखतं! एका डॉक्टरांनी खुबा बदलावा लागेल म्हटलं, तर घरचे घाबरवतात की ऑपरेशन केलं तर खाटच धरशील. आणखी दवाखाने करू, की असंच सोसू?"* – एक भगिनी, भंडारा जिल्हा

ताई,

सोसू नका. आणि गावोगावचे दवाखानेही पुरे झाले. अकरा वर्षं प्रत्येकाने तुमची कळ थांबवायचं औषध दिलं. ती का येते हे कुणी शोधलं, असं पत्रातून दिसत नाही.

मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत जाणवतं, कधी तर थेट गुडघ्यात. आपण मात्र सगळ्यालाच 'कंबर' म्हणतो, मग फोटो निघतो मणक्याचा. मणक्याचे कितीही एक्स-रे काढा, खुबा त्यात तपासला जात नाही. दोन्ही खुब्यांचा एक्स-रे मागा. तो स्वच्छ आला तरी कळ कायम असेल तर एमआरआयबद्दल विचारा, कारण खुब्याच्या गोळ्याचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा, रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरू लागलं, तर सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. लहानपणापासून ठणकणारे हातपाय आणि तरुण वयात गेलेला खुबा, हे दोन्ही एकत्र आलं की पूर्व विदर्भात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी करावी. हा आदिवासींचाच आजार असं समजून सोडून देऊ नका, आपल्याकडे तो इतर समाजांतही आहे. ग्रामीण रुग्णालयात आधी साधी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली तर पुढची पक्की चाचणी. नुसते वाहक असाल, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आला असेल, तर सहसा असा त्रास होत नाही. आजार असेल तर हायड्रॉक्सीयुरियासारखी औषधं आहेत, आणि भावंडांची, मुलांचीही तपासणी करायला हवी. मुलांना हा आजार आई आणि वडील, दोघांकडून येतो, तेव्हा माहेरच्या नावाने बोटं मोडायचं कारण नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर खुब्याच्या टीबीपासून संधिवातापर्यंत बाकीची कारणं डॉक्टर बघतील.

आता ती पुडी. तिनं इतकं झटकन बरं वाटतं, यानेच मला धास्ती वाटते. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड हा खुब्याचा गोळा खराब होण्याचा एक मोठं कारण आहे. पण रागाने एकदम बंदही करू नका, अचानक सोडल्यानेही त्रास होऊ शकतो. पुडी तशीच बांधून डॉक्टरांसमोर ठेवा.

कुठे जायचं? नागपूरचं मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) किंवा एम्स, नाहीतर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. सगळे जुने फोटो, चिठ्ठ्या एका पिशवीत घ्या. रेशनकार्ड आणि आधार न्या, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला, विचारा की महात्मा फुले किंवा आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनांत काय बसतं. सिकलसेल निघाला तर ऑपरेशन जिथे रक्तपेढी आणि त्या आजाराचे जाणकार आहेत तिथेच करावं. गावाजवळचं हॉस्पिटल स्वस्त सांगतंय म्हणून घाई नको.

खाट धरण्याची भीती उलट आहे. गोळा पूर्ण खराब झालेल्या माणसाला खुबा बदलल्यावर चालता येतं, बऱ्याच दिवसांची झोप परत मिळते. पण खोटं कशाला सांगू: उकिडवं बसणं, खाली मांडी घालणं बहुतेकांना सोडावं लागतं. घरी खुर्चीसारखा संडास लागेल, उंच खाट लागेल. चिखलातली रोवणी तर सोडाच. आणि तुमच्या वयात बसवलेला खुबा पुढे कधीतरी पुन्हा बदलावा लागू शकतो. म्हणून डॉक्टर 'आत्ताच' म्हणतायत की 'अजून थांबता येईल' म्हणतायत, ते नीट विचारून घ्या.

तोवर एक साधी गोष्ट. काठी धरा, पण डाव्या हातात. खुबा उजवा दुखतो तर काठी उजव्या हातात घ्यावीशी वाटते, ते चुकीचं.

सासूबाईंशी भांडण नको, त्यांना तपासणीच्या दिवशी सोबत न्या. सुनेच्या तोंडून पटणार नाही ते एक्स-रे दाखवून डॉक्टरांनी सांगितलं, तर पटण्याची शक्यता जास्त. त्या आल्या नाहीत तर नवऱ्याला न्या. यंदाची रोवणी मजुरांकडून होईल, त्याची मजुरी घरच्यांनाच आधी बाजूला काढायला सांगा.