प्रश्न तुमचे: आईच्या एमआरआयवरून चित्र काढू का?

प्रश्न: आईच्या मेंदूचा एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आला. पण ती फिल्म मी रोज खिडकीला लावून बघत बसते. त्यावरून काहीतरी करावंसं वाटतंय. पण चित्र तर मशीननेच काढलंय, मी रंग भरले तर ती नुसती कॉपीच ना? आणि फिजिक्स मला शून्य येतं.

उत्तर: कॉपी अजिबात नाही होणार, कारण त्या फिल्मवर फोटो नाहीचये मुळात. एक्स-रे म्हणजे निदान सावली तरी असते, एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टगेनने 22 डिसेंबर 1895 ला बायकोचा हात प्लेटवर घेतला त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसते ती सावलीच. एमआरआयमध्ये तेही नाही. मोठ्या चुंबकात आपल्या अंगातल्या पाण्याचा हायड्रोजन रेडिओ लहरींनी हलवतात, तो परत जागेवर येताना जो सिग्नल देतो त्याचे आकडे होतात आणि कॉम्प्युटर त्या आकड्यांना राखाडी छटा देतो. तुमच्याच फिल्मवर बघा, टी-1 लिहिलेल्या चित्रात (टी-1, टी-2 म्हणजे मशीनच्या दोन वेगळ्या सेटिंग) मेंदूच्या मधलं पाणी काळं दिसेल आणि टी-2 मध्ये तेच पाणी पांढरंशुभ्र. डोकं एकच, पाणी तेच! म्हणजे तो राखाडी रंगसुद्धा कोणीतरी ठरवलेलाच आहे, मग तुम्ही निळा ठरवलात तर बिघडलं कुठे. फिजिक्स एवढं कळलं तरी पुरे, पण एवढं कळायलाच हवं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर नुसती सुंदर नक्षी होते.

अँजेला पामर या स्कॉटिश चित्रकर्तीचं काम जरूर बघा. ती स्कॅनचा एकेक स्लाइस, म्हणजे डोक्याचा एकेक पातळ काप, वेगळ्या काचेवर कोरते आणि काचा ओळीने उभ्या करते. समोरून अख्खं डोकं हवेत तरंगताना दिसतं, बाजूला सरकलात की गायब. तिला हे सुचलं रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिनच्या पेनिसिलिनच्या रेणूच्या मॉडेलवरून, त्यात इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत त्याच्या रेषा पारदर्शक शीट्सवर काढल्यात.

तुम्ही अ‍ॅक्रिलिक शीट्स घ्या, ओएचपी मार्करने फक्त बाहेरच्या आणि आतल्या कडा काढा, आत रंग भरू नका नाहीतर मागचं सगळं झाकलं जाईल. स्लाइस 5 मिमीचा आणि मधली गॅप 1 मिमी असेल आणि चित्र डोक्याच्या खऱ्या मापाचं असेल तर दोन शीट्समधलं अंतर 6 मिमी ठेवा, खऱ्या मापाच्या दुप्पट केलंत तर 12. हे आकडे बहुतेक वेळा फिल्मवर बारीक अक्षरात असतात, कडेला सेंटीमीटरची पट्टीही असते, तिच्यावरून खरं माप कळतं. अंतर चुकलं की डोकं चपटं नाहीतर लांबट दिसतं.

कोपऱ्यातलं नाव, वय, तारीख मात्र चित्रात आणू नका. आणि आईला आधी विचारा, डोकं तिचं आहे. जमलं तर एखादी शीट तिच्याच हाताने काढून घ्या, रेघ थरथरली तरी पुसू नका.