खडीच्या चढावर मागचं चाक का घसरतं

तुम्ही लिहिलंय की सिंहगडाचा डांबरी घाट सायकलवर न थांबता चढता, पण मुरुमाच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि पुढचं उचललं जातं. जुलैत मनालीहून स्पितीतल्या काझाला जायचंय म्हणून काळजी वाटतेय. सिंहगड न थांबता चढता म्हणजे पायात दम आहेच. अडचण गिअरची आणि बसण्याची आहे.

आधी गिअर. तुमच्या हायब्रिड सायकलला पुढे पेडलपाशी २८, ३८ आणि ४८ दातांच्या चकत्या आहेत आणि मागच्या चाकाला १४ ते २८ दातांच्या. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरमध्येही पेडल एकदा फिरलं की चाक एकदा फिरतं. मिनिटाला ६० वेळा पेडल मारायचं तर ताशी जवळजवळ ८ किलोमीटरचा वेग हवा, आणि सामान लादून १२ टक्के चढावर तो आपल्यासारख्यांना टिकत नाही. मग पेडल मंदावतं, सगळा जोर एकेका झटक्यात पडतो आणि त्या झटक्याला चाकाखालची खडी सुटते. डांबर हे खपवून घेतं, खडी नाही. मागे १४-३४ चं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवा. चेन थोडी लांब लागेल, आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दात पेलतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या. पुढे २२ दातांची चेनरिंग, म्हणजे पेडलपाशची चकती, बसत असेल तर फारच उत्तम, तेवढ्याच लयीत ताशी ५ ने चढता येतं. पैसे खर्च करायचे तर पहिले इथे करा. उंचीवर दम निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेव्हा हाच गिअर कामी येतो.

टायर फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद घ्या, ४० मिमी असतील तर छान. हवा ६० पीएसआय भरत असाल तर तुमच्या ७० किलो वजनाला मागे ४० आणि पुढे ३५ पासून सुरुवात करून बघा. त्याहून फार कमी केलीत तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटून पंक्चर होईल.

आता बसणं. चढावर उभं राहायची सवय इथे सोडा. उभे राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते फिरतं. सरळ ताठ बसलात की पुढचं उचलतं. सीटच्या टोकावर सरका, कोपरं वाकवून खाली सोडा, छाती हँडलकडे झुकवा. हँडल वर ओढू नका, मागे आणि खाली ओढा. नजर चाकावर नको, तीन-चार मीटर पुढे हवी.

मी पहिल्यांदा काझाच्या वाटेवरच्या बातलहून कुंझुम खिंडीला चढलो तेव्हा सगळं सामान मागच्या कॅरिअरवर होतं. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. सरासरी चढ भयंकर नाही, पण वळणांवर आतल्या बाजूला रस्ता एकदम उभा होतो. अशाच एका वळणावर पुढचं चाक हातभर उचललं आणि मी दरीच्या बाजूला कललो. पाय टेकला तो रस्त्याच्या कडेपासून वीतभर आत. तिथेच बसून तंबू आणि दुरुस्तीची हत्यारं काढली आणि हँडलला बांधली. पुढची वळणं बाहेरच्या बाजूने, समोरून गाडी येत नाही ना बघून घेतली, आणि सायकल शहाण्यासारखी चढली.

ट्रकच्या चाकोरीत राहा, मधल्या सुट्या खडीत शिरू नका. चाकोरी बदलायचीच तर चढ जरा मवाळ असेल तिथे. गिअर चढ लागण्याआधी टाका. जोर लावलेला असताना टाकलात तर चेन तुटू शकते.

थांबावं लागलं तर पुन्हा निघताना सायकल रस्त्यात थोडी आडवी धरा, पाय नेहमी डोंगराच्या बाजूला टेका, मागचा ब्रेक दाबून ठेवा, दुसरं पेडल वर-पुढे आणा, आणि ब्रेक सोडता सोडता बसूनच पहिला जोर लावा. हे जमेपर्यंत दोन-तीन रविवार सगळं सामान लादून टेकडीच्या मुरुमाच्या रस्त्यावर घासा. रिकाम्या सायकलवरच्या सरावाचा इथे फार उपयोग नाही.

आणि बातलच्या अलीकडचे नाले दुपारनंतर बर्फाच्या पाण्याने फुगतात, तेव्हा छत्रू या बातलच्या आधीच्या मुक्कामाहून पहाटेच निघा.